जेवणाच्या सुट्टीनंतर शॉर्ट, सकाळी सोल्डर बॉल: ओव्हनला हात लावण्याआधी काय बघायचं

पीसीबीवर सोल्डर पेस्ट छापून, त्यावर पार्ट बसवून ओव्हनमध्ये पेस्ट वितळवणाऱ्या लाइनवर तक्रार साधारण अशी असते. सकाळच्या पहिल्या वीस-तीस बोर्डांवर सोल्डरचे बारीक बॉल विखुरलेले दिसतात. मग गाडी रुळावर येते. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बिघडते: चारही बाजूंना पाय असलेल्या क्यूएफपी आयसीच्या पायांत शॉर्ट, बारीक पॅडवर (पाय जोडायच्या तांब्याच्या जागांवर) सोल्डर अपुरं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे रोजचंच होतं आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप कमी होतं. दरम्यान ओव्हनचा प्रोफाइल, म्हणजे बोर्डाचं तापमान वेळेनुसार कसं चढतं-उतरतं ते, चार वेळा बदललेला असतो आणि मूळ सेटिंग काय होतं हे कोणालाच आठवत नसतं.

ओव्हन सकाळ-दुपार ओळखत नाही. एकदा तापून स्थिर झाला की तो नऊला जसा चालतो तसाच दीडलाही चालतो. घड्याळाप्रमाणे बदलते ती पेस्ट (सोल्डरचे कण आणि ऑक्साइड काढणारा फ्लक्स यांचं मिश्रण), तिच्याभोवतीची हवा आणि स्टेन्सिलच्या, म्हणजे जिच्यातून पेस्ट पॅडवर छापली जाते त्या पातळ पत्र्याच्या, छिद्रांची अवस्था. म्हणून दोष वेळेवर येत असेल तर तपास पेस्ट छापणाऱ्या प्रिंटरच्या बाजूने सुरू करावा.

खालचे आकडे शिसं नसलेल्या सॅक ३०५ या मिश्रधातूच्या, नो-क्लीन (नंतर धुवावा न लागणाऱ्या) फ्लक्सच्या, टाइप ४ (ही दाण्याच्या आकाराची श्रेणी) पेस्टसाठी आहेत. लहान-मध्यम लाइनवर बहुतेक ठिकाणी हीच असते. तुमच्या पेस्टच्या डेटाशीटमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

आधी दोषाची चाल ओळखा

सेटिंग बदलण्याआधी लागोपाठ वीस बोर्डांना क्रमांक टाका आणि दोष कुठल्या क्रमांकावर, बोर्डावर कुठल्या जागी आला ते लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण निम्मा तपास त्यातच होतो.

एकाआड एक बोर्ड खराब येत असेल तर दोन स्क्वीजींपैकी (पेस्ट ढकलणाऱ्या पात्यांपैकी) एक दोषी आहे. प्रिंटर एक बोर्ड पुढच्या पात्याने छापतो, दुसरा मागच्या. एका पात्याची धार बोथट झाली असेल, त्यावर चीर पडली असेल किंवा त्याचा दाब वेगळा लागला असेल तर सम क्रमांकाचे बोर्ड चांगले आणि विषम क्रमांकाचे वाईट निघतात. पात्याच्या धारेवरून नख फिरवलं तर चीर लगेच लागते. स्टेन्सिलवर प्रिंटच्या दिशेने पेस्टची एकच सरळ रेघ मागे राहत असेल तर चीर त्याच जागी आहे.

दोष हळूहळू वाढत जाऊन आठव्या-दहाव्या बोर्डाला शॉर्ट देतो आणि मग एकदम नाहीसा होतो? तर स्टेन्सिलच्या खालच्या बाजूला पेस्ट साचते आहे आणि पुसण्याची पाळी उशिरा येते आहे. पाळी पाच बोर्डांवर आणा, पण तेवढ्यावर थांबू नका. पेस्ट खाली जातेच का, ते पुढे पाहू.

दोष बोर्डाच्या एकाच कोपऱ्यात असेल तर बोर्डाखालच्या आधाराच्या पिना बघा. पॅड सगळीकडे एकाच बाजूला सरकलेले असतील तर फिड्युशियल (ज्यांवरून प्रिंटर बोर्ड जुळवतो त्या खुणा) बघा. आणि दोष ठरावीक वेळेला, बोर्डभर येत असेल तर पेस्ट.

आणखी एक चाचणी फुकटात होते. एक बोर्ड छापा, पार्ट न बसवता पंधरा मिनिटं ठेवा आणि तसाच ओव्हनमधून काढा. त्यावरही शॉर्ट आले तर पार्ट बसवणारं पिक-अँड-प्लेस यंत्र निर्दोष आहे. छापल्याबरोबर कडा सरळ होत्या आणि पंधरा मिनिटांत पेस्ट पसरून शेजारच्या पॅडकडे सरकली, तर तिने ओल धरली आहे, ती गरम झाली आहे किंवा जुनी आहे.

सकाळचे बॉल: थंड डबा लवकर उघडला जातो

पेस्ट फ्रिजमध्ये साधारण २ ते १० अंश सेल्सिअसवर ठेवतात. ५०० ग्रॅमचा डबा फ्रिजमधून काढल्यावर मधोमध खोलीच्या तापमानाला यायला चार तास तरी लागतात. शिफ्ट आठला सुरू होते, डबा साडेसातला निघतो आणि सव्वाआठला उघडतो. वरून हाताला कोमट लागतो, पण आत अजून थंड असतो.

पावसाळ्यात एसी नीट नसलेल्या हॉलमध्ये २७ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता सहज असते. अशा हवेचा दवबिंदू साधारण २२ अंश असतो. म्हणजे २२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणार. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, तेच इथे होतं. फक्त डबा उघडा असेल तर तो घाम पेस्टवरच येतो. हॉल २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर धरला तर दवबिंदू १४ अंशांवर उतरतो. धोका कमी होतो, पण ८ अंशांचा डबा तिथेही भिजणारच.

पेस्टमध्ये गेलेलं पाणी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास वाफ होऊन उसळतं आणि सोल्डरचे कण पॅडबाहेर फेकतं. सकाळचे विखुरलेले बॉल बहुतेक वेळा हेच असतात. शिवाय पाण्यामुळे कणांवर ऑक्साइड चढतं, फ्लक्सची ताकद ते काढण्यातच खर्च होते आणि पेस्ट स्टेन्सिलवर लवकर घट्ट होते. म्हणजे सकाळी शिरलेलं पाणी दुपारी पुन्हा आडवं येतं.

उपाय साधा आहे आणि पाळायला सर्वांत कठीण. पहिल्या शिफ्टचा डबा रात्रपाळीने, किंवा रात्रपाळी नसेल तर आदल्या संध्याकाळी, बंद झाकणासकट फ्रिजबाहेर काढायचा. झाकणावर चिकटपट्टी लावून दोन वेळा लिहायच्या: बाहेर काढल्याची आणि उघडल्याची. चार तास झाले नसतील तर उघडायचा नाही, मग प्लॅनिंगवाले कितीही ओरडोत. डबा ओव्हनच्या टपावर, हीट गनसमोर किंवा गरम पाण्यात ठेवू नका. बाहेरची पेस्ट तापते, फ्लक्स सुटून वर येतो आणि आतला गोळा थंडच राहतो. इन्फ्रारेड थर्मामीटर झाकणाचं तापमान सांगतो, पेस्टचं नाही.

फ्रिज पेस्टचाच असावा. त्यात जेवणाचे डबे आणि ताकाच्या बाटल्या असल्या की दार दिवसातून तीस वेळा उघडतं आणि तापमान १५ पर्यंत चढतं. आत किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी कमाल आकडा वाचा.

उघडल्यावर वर फ्लक्सचा चमकदार थर दिसणं साहजिक आहे. प्लास्टिकच्या स्पॅट्युलाने एकाच दिशेने मिनिट-दोन मिनिटं ढवळा. धातूच्या पात्याने डब्याच्या भिंतीचं प्लास्टिक खरवडून पेस्टमध्ये येतं आणि तो तुकडा बरोबर ०.२५ मिमीच्या छिद्रात अडकतो. पेस्टचा स्वभाव फेटलेल्या चक्क्यासारखा असतो: हलवली की सैल, ठेवली की घट्ट. स्पॅट्युलावर उचलून तिरकी केल्यावर ती घट्ट श्रीखंडासारखी सलग उतरून तुकड्याने पडली पाहिजे. धारेने ओघळली तर जास्त ढवळली किंवा तापली आहे. ढिगासारखी चिकटून राहिली तर अजून थंड आहे किंवा वाळली आहे.

सुट्टीनंतरचे दोष: स्टेन्सिलवर राहिलेली पेस्ट

डेटाशीटमध्ये स्टेन्सिलवरचं आयुष्य आठ तास लिहिलेलं असतं. ते २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या आसपास, पेस्ट चालती असताना. जेवणाच्या सुट्टीत प्रिंटर चाळीस मिनिटं उभा राहतो, तेव्हा रोलमधल्या, म्हणजे पात्यापुढच्या गुंडाळीतल्या, पेस्टला फारसं काही होत नाही. छिद्रांत अडकून राहिलेल्या पातळ थराला होतं. त्याचं द्रावण उडतं, कण कडेला चिकटतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या बोर्डांवर बारीक पॅड अर्धेच भरतात. ऑपरेटर दाब वाढवतो. वाढलेल्या दाबाने मोठ्या छिद्रांखालून पेस्ट बाहेर पडते आणि शॉर्ट सुरू होतात. अपुरं सोल्डर आणि शॉर्ट एकाच बोर्डावर दिसण्याचं कोडं इथे सुटतं.

त्यात भर म्हणजे सुट्टीत हॉलचा एसी बंद करण्याची सवय. तासाभरात आर्द्रता चढते. दमट हवेत पेस्ट ओल धरते, पसरते आणि तिचा चिकटपणा कमी होतो. उलट एसीचा झोत थेट प्रिंटरवर येत असेल तर ती वाळते. दोन्हींची खूण वेगळी: ओली पेस्ट कडा सोडते आणि बॉल देते, वाळलेली पेस्ट छिद्रातच राहते आणि प्रिंट खरबरीत, शिंगं निघाल्यासारखी दिसते. प्रिंटरपाशी शंभर-दोनशे रुपयांचा नाही, जरा बरा आर्द्रतामापक लावा. ४० ते ६० टक्के आणि २२ ते २६ अंश ही पट्टी धरा.

सुट्टीसाठी क्रम ठरवून भिंतीवर लावा. उभं राहणं तासाभरापर्यंतचं असेल तर परत आल्यावर स्टेन्सिल खालून ओली, व्हॅक्यूम, कोरडी अशी पुसायची, पेस्ट स्क्वीजीने दोन-तीन वेळा पुढे-मागे मळायची आणि दोन बोर्ड टाकाऊ पीसीबीवर छापायचे. तासापेक्षा जास्त थांबणार असेल तर पेस्ट उचलून वेगळ्या रिकाम्या डब्यात झाकून ठेवायची आणि स्टेन्सिल पूर्ण धुवायची. वापरलेली पेस्ट ताज्या डब्यात कधीही परत टाकू नका. पन्नास ग्रॅम वाचतात आणि पाचशे ग्रॅम जातात.

रोलची जाडी १५ ते २० मिमी ठेवा. पेस्ट पात्यापुढे गुंडाळत फिरली पाहिजे. घसरत पुढे ढकलली जात असेल तर छिद्रं भरत नाहीत. थोडी थोडी, वारंवार भर घाला. सकाळी अर्धा डबा ओतून दिवसभर निभावण्यात शेवटची पेस्ट सात तास हवा खाते.

दाब, आधार आणि बोर्ड-स्टेन्सिलमधली फट

दाबाची सुरुवात पात्याच्या दर २५ मिमी लांबीला साधारण अर्धा किलो. म्हणजे ३०० मिमीच्या पात्याला ६ किलो. मग दाब कमी करत जा, स्टेन्सिलवर पेस्टचा पातळ पापुद्रा राहायला लागेपर्यंत. तिथून पापुद्रा जेमतेम नाहीसा होईल एवढाच वाढवा. हाच दाब. त्याहून जास्त दाबाने पातं मोठ्या छिद्रांत बुडून मधली पेस्ट खरवडून नेतं आणि फ्लक्स खाली झिरपतो.

बोर्ड आणि स्टेन्सिलमध्ये फट असेल तर दाबाने काही साधत नाही. एक मिमी जाडीचा, व्ही-कट (नंतर तोडण्यासाठी खाच) मारलेला पॅनल मध्ये वाकतो. कडेला पकडलेला असूनही पोट खाली जातं. वाकणाऱ्या जागी, विशेषतः बारीक पायांच्या आयसीखाली पिना द्या. दुसऱ्या बाजूला पार्ट बसलेले असतील तर पिना त्यांना चुकवून, नाहीतर सिरॅमिक कपॅसिटरला तडा जातो आणि तो फील्डमध्ये कळतो. पॅडशेजारची बारकोडची चिठ्ठी किंवा जाड सिल्कस्क्रीनसुद्धा स्टेन्सिल उचलून धरते. एचएएसएल (सोल्डरचा थर दिलेल्या) फिनिशमध्ये पॅडची उंची कमी-जास्त असते; पायांतलं अंतर (पिच) ०.५ मिमीच्या खाली असेल तर ईएनआयजी (निकेल-सोन्याचा सपाट थर) घेतलेलं बरं.

तेच छिद्र रोज रिकामं राहत असेल तर गणित करा

एकाच बीजीएचे (पायांऐवजी खाली सोल्डरचे बॉल असलेल्या आयसीचे) किंवा क्यूएफएनचे (बाहेर पाय नसलेल्या, पोटाखाली पॅड असलेल्या आयसीचे) पॅड ताज्या पेस्टवरही अपुरे येत असतील तर दोष स्टेन्सिलच्या मापात आहे. छिद्राचं क्षेत्रफळ भागिले छिद्राच्या भिंतींचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर ०.६६ च्या वर हवं. त्याखाली पेस्ट पॅडला धरण्याऐवजी भिंतीला धरून राहते.

गोल छिद्रासाठी सूत्र सोपं: व्यास भागिले जाडीची चौपट. ०.२५ मिमीचं छिद्र ०.१२ मिमी जाडीच्या स्टेन्सिलमध्ये ०.५२ देतं. हे चालणार नाही. ०.१० मिमी जाडीला ०.६३: काठावर, चांगल्या प्रतीची लेझर-कट स्टेन्सिल आणि वेळेवर पुसणं असेल तर निभतं. ०.०८ मिमीला ०.७८, निर्धास्त. त्याच ०.१२ मिमी स्टेन्सिलमध्ये क्यूएफपीचं ०.२५ × १.४ मिमी छिद्र ०.८८ देतं. म्हणून एकाच बोर्डावर क्यूएफपी छान छापतो आणि शेजारचा बीजीए रडतो. मोठ्या कनेक्टरला जास्त पेस्ट हवी असेल तर स्टेप स्टेन्सिल (ठिकठिकाणी वेगळ्या जाडीची) घ्या. सगळी स्टेन्सिल जाड करणं हा उपाय नाही.

पेस्टचा दाणाही बघा. आयताकृती छिद्राच्या सर्वांत अरुंद बाजूत सर्वांत मोठे पाच दाणे शेजारी-शेजारी मावले पाहिजेत. टाइप ३ चे दाणे २५ ते ४५ मायक्रॉन, टाइप ४ चे २० ते ३८. म्हणजे अरुंद बाजू टाइप ३ ला २२५ मायक्रॉन आणि टाइप ४ ला १९० मायक्रॉन तरी हवी. टाइप ५ बारीक असते, पण पृष्ठभाग वाढल्याने ऑक्साइडही वाढतं. गरज नसताना घेऊ नका.

स्टेन्सिल बोर्डापासून सुटण्याचा वेग सेकंदाला १ ते ३ मिमीवरून सुरू करा. काही पेस्ट जलद सुटण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांच्यासाठी डेटाशीटचा आकडा.

सगळे बॉल सारखे नसतात

बोर्डभर विखुरलेले बारीक बॉल म्हणजे ओल, ऑक्साइड किंवा फार झपाट्याने चढवलेलं तापमान. पण चिप रेझिस्टर-कपॅसिटरच्या कुशीत, बरोबर मधोमध चिकटलेला एक टपोरा मणी दिसत असेल तर त्याचा पाण्याशी संबंध नाही. पार्टच्या पोटाखाली जास्तीची पेस्ट दाबली गेली आणि वितळताना बाजूने बाहेर आली, एवढंच. छिद्राचा आतला भाग कापून घराच्या आकाराचं करा आणि पेस्ट दहा ते वीस टक्के कमी करा. पार्ट बसवतानाचा दाबही तपासा.

तिसरा प्रकार हाताने तयार होतो. चुकीची प्रिंट कोरड्या फडक्याने पुसली की पेस्ट व्हायाच्या (बोर्डाचे थर जोडणाऱ्या) भोकांत आणि सोल्डर मास्कच्या (बोर्डावरच्या संरक्षक लेपाच्या) कडांत कोंबली जाते. पुढच्या वेळी ओव्हनमधून निघताना ती बॉल होऊन बाहेर येते. प्लास्टिक स्पॅट्युलाने जाड थर काढा, स्टेन्सिल क्लीनर लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, नंतर भिंगाखाली व्हाया बघा. दुसऱ्या बाजूला पार्ट बसलेला बोर्ड असेल तर घाई अजिबात नको.

ओव्हनची पाळी

प्रिंट चांगली आहे याची खात्री झाल्यावरच. पॅनेलवरचे झोनचे आकडे हा प्रोफाइल नव्हे. खऱ्या बोर्डावर, सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या पार्टपाशी मिळून पाच-सहा थर्मोकपल लावा. अॅल्युमिनियम टेप किंवा उच्च तापमानाचं सोल्डर वापरा, कॅप्टॉन टेप गरम झाली की टोक उचलते आणि तुम्ही हवेचं तापमान मोजत बसता. सॅक ३०५ वितळतं २१७ ते २२० अंशांना. चढ सेकंदाला १ ते २ अंश, १५० ते २०० मधला मुक्काम ६० ते १२० सेकंद, २१७ च्या वर ४५ ते ९० सेकंद, शिखर २३५ ते २४५.

मुक्काम लांबला की बारीक पॅडवर फ्लक्स आधीच संपतो आणि सोल्डर द्राक्षाच्या घडासारखं, दाणे न मिसळता राहतं. बीजीएचा बॉल पेस्टवर उशीसारखा टेकून राहतो, जोड होत नाही, त्यामागे हेही एक कारण असतं. दुसरं म्हणजे पॅकेजचं वाकणं. क्यूएफएनच्या मधल्या पॅडखालच्या पोकळ्यांसाठी प्रोफाइलशी झटण्याआधी छिद्राची खिडकी करा: एक मोठं छिद्र नको, चार किंवा नऊ लहान, एकूण ५० ते ७० टक्के झाकणारी. चिप रेझिस्टर-कपॅसिटर एका टोकावर उभा राहत असेल तर दोन पॅडवरची पेस्ट सारखी आहे का आणि एक पॅड मोठ्या कॉपरला थेट जोडलेला आहे का ते बघा.

पेस्टच खराब आहे का, ठरवण्याची चाचणी

पुरवठादाराशी भांडण्याआधी ही करा. ०.२ मिमी जाडीच्या पत्र्यात ६.५ मिमीचं भोक पाडा. त्यातून खरखरीत काच किंवा सिरॅमिकच्या तुकड्यावर पेस्टचे तीन ठिपके छापा. एक तुकडा पंधरा मिनिटांत आणि दुसरा चार तास हॉलमध्ये उघडा ठेवून, हॉटप्लेटवर सुमारे २४५ अंशांना वितळवा. चांगली पेस्ट एकच चकचकीत गोळा होते, भोवती फार तर दोन-चार बारीक दाणे. गोळ्याभोवती दाण्यांचं खळं पडलं तर ऑक्साइड किंवा पाणी.

पहिला तुकडा चांगला आणि चार तासांचा खराब, तर पेस्टपेक्षा हॉलची हवा दोषी. नुकत्याच उघडलेल्या, पूर्ण चार तास बाहेर राहिलेल्या डब्याचा पहिलाच तुकडा खळं देत असेल तर त्याच लॉटचा न उघडलेला दुसरा डबा घेऊन चाचणी पुन्हा करा. तोही तसाच निघाला तर लॉट क्रमांक, दोन्ही तुकड्यांचे फोटो आणि फ्रिजच्या कमाल तापमानाची नोंद घेऊन पुरवठादाराला गाठा. बंद डबा तपासणीला परत पाठवताना बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या पेटीत पाठवा. मे महिन्यात टेम्पोत दोन दिवस तापलेल्या डब्यावरून त्यांनाही काही ठरवता येत नाही.